बिल्ला असलेल्यांचा दवाखाना

माझ्या भावाच्या उजव्या हाताला अंगठा नाही. शिंगाड्याच्या काट्यानं गेला, असं आमच्या गावात सगळे सांगतात. तो स्वतःही तसंच सांगतो. मला ते पटत नाही. काटा सगळ्यांनाच लागतो. तळ्यात उतरून शिंगाडे काढणाऱ्या ढिवराच्या हातात काटा मोडला नाही, असा एकही हंगाम जात नाही. काट्यानं अंगठे जात असते तर आमच्या जातीत कोणाला अंगठा उरलाच नसता. अंगठा गेला तो औषध समोर असून मिळालं नाही म्हणून. आणि ते का मिळालं नाही हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथंच उभी होते.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. माझं माहेर गडचिरोलीच्या पुढं, धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका तळ्याकाठी. लग्न होऊन मी चांद्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर आले. नवरा खाणीत कायमच्या नोकरीवर होता. खाणीच्या चाळीला आम्ही लाईन म्हणायचो. त्या लाईनीत आमची एक खोली होती. पावसाळ्यात माहेरी जायचं तर वैनगंगेला पूर नसावा लागे. डोंग्यातून पलीकडे जायचं, मग मिळेल ती बैलगाडी. त्यामुळे माहेरचं माणूस दारात दिसलं की आधी छातीत धस्स व्हायचं. उगाच कोण एवढं येणार?

एकदा असेच वडील आले. छाती भरलेली, श्वास घेताना शिट्टी वाजायची. मी त्यांना चांद्याच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, आत एक डॉक्टर बसायचे त्यांच्याकडे नेलं. खोली एकच, पडद्यानं दोन केलेली. पुढं कंपाउंडर बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसे, पडद्यामागं डॉक्टर. त्यांनी वडिलांच्या पाठीला कान लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "बाबा, धंदा कोणता?"

"मासोळ्या मारतो जी."

"मग आज जे असेल ते द्या. बरे झालात की एखादी मरळ आणा."

वडील बरे झाले आणि पाण्याच्या मडक्यात जिवंत मरळ घेऊन थेट गावाहून आले. डॉक्टर एवढे हसले, की पडद्याबाहेर बसलेले आजारीही हसले. माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते एखाद्या हरामखोर माणसानं केलं असतं, तर मला इतका राग आला नसता.

त्यानंतर काही वर्षांनी कंपनीनं नवी व्यवस्था आणली. मॅनेजरनं सगळ्या कामगारांना जमवून सांगितलं, की दर महिन्याच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाईल. आजारी पडा, न पडा, कापली जाईल. पण कामगार, त्याची बायको, त्याची मुलं यांपैकी कोणी आजारी पडलं तर परकोटातल्या त्याच डॉक्टरांकडे जायचं, कंपनी देईल तो बिल्ला दाखवायचा, आणि औषध घेऊन घरी यायचं. पैसे डॉक्टर कंपनीकडून घेतील. ठेकेदाराच्या माणसांना मात्र बिल्ला नव्हता. ते त्याच बोगद्यात उतरत, तोच कोळसा खोदत, पण ते कंपनीचे नव्हते.

माझ्या नवऱ्याला पितळेचा गोल बिल्ला मिळाला. त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला. मला ही व्यवस्था फार आवडली होती, आणि खोटं कशाला बोलू, तिच्या मुळाशी असलेली गोष्ट आजही आवडते. आमच्या गावात तळं उपसलं, की सगळे मिळून मासे काढतात आणि ज्या घरात जाळं धरणारं कोणी उरलेलं नाही त्या घरीही वाटा जातो. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि पाळी येईल त्यानं उचलायचं. हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं.

पण पहिल्याच हिवाळ्यात काहीतरी वेगळं घडायला लागलं. नवऱ्याला सर्दी झाली. पूर्वी डॉक्टर म्हणाले असते, "मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या कर आणि झोप." आता त्यांनी सुई टोचली. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि आणखी टोचली. माझा हात चुलीवर भाजला, तर मलमाबरोबर ताकदीची सुई. शेजारणीच्या लेकाचं पोट बिघडलं, तर त्यालाही सुई आणि वर लाल रंगाच्या टॉनिकची बाटली. ही शेजारीण सिरोंच्याकडची, घरात तेलुगू बोलणारी, आमच्याशी हिंदी-मराठीची भेळ करून बोलायची. एकदा दवाखान्यातून परत येताना ती मला म्हणाली, "पहले डाक्टर पूछता था, दुखते कुठी? अब पूछता है, बिल्ला कुठी?"

मी हसले. खरं तर आम्हा सगळ्यांनाच त्या सुयांचं कौतुक होतं. फुकटात एवढी औषधं मिळतात, म्हणजे कंपनी आपली केवढी काळजी घेते, असं वाटायचं. लाईनीतल्या बायका पाण्याच्या नळावर दंड दाखवून सांगत, की मला इतक्या झाल्या, तुला किती?

दवाखानाही बदलला. पडदा गेला आणि लाकडी दार आलं. शेजारची खोली घेतली, तिथं लोखंडी पलंग आले. बाहेर बाकं आली. एका बाकावर बिल्लेवाले आणि दुसऱ्यावर बाकीचे. बिल्लेवाल्यांना आधी बोलावत. आणि भिंतीवर एक पाटी लागली, कशाला किती पैसे पडतील ते लिहिलेली. आम्ही ती पाटी कधी वाचली नाही. आम्हाला काय करायचं होतं?

अशातच कार्तिकात भाऊ आला.

तो दारात उभा होता, उजवा हात गमछ्यात बांधून गळ्यात अडकवलेला. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता आणि लाली मनगटाच्या वर सरकली होती. अंगात ताप होता, तरी डाव्या हातात शिंगाड्यांची टोपली होती.

"काटा मोडला होता, बाई," तो म्हणाला. आमच्याकडे भाऊ बहिणीला बाई म्हणतो. "गावात वैदानं लेप लावला. उतरलं नाई. म्हटलं, बाबाले बरं केलं होतं त्या डाक्टरले दाखवावं."

"बरं केलं आलास, भाऊ," मी म्हणाले. "ते आपल्या ओळखीचे आहेत. चाल."

मला खरंच काळजी वाटली नाही. डॉक्टर ओळखीचे, नवऱ्याचा बिल्ला माझ्या कनवटीला, भाऊ दारात. मी त्याला वाटेनं सांगत होते, की आता चांद्याला किती सोय झाली आहे.

डॉक्टरांनी हात पाहिला. दाबला तेव्हा भावानं दात आवळले. डॉक्टर म्हणाले, "चिरून पू काढावा लागेल. आणि पेनिसिलिनची सुई, रोज, काही दिवस. उशीर करू नका. हे वर चढतंय."

"द्या ना डाक्टरसाहेब," मी म्हणाले.

ते बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवून कंपाउंडरला म्हणाले, "यांना सांग."

कंपाउंडरनं सांगितलं. मला वाटलं तो चुकून बोलला. तेवढ्या पैशात आमच्या गावी घराचं छप्पर नव्यानं शाकारून झालं असतं. भावानं कमरेची पिशवी सोडली. वडिलांच्या वेळी जेवढं लागलं होतं त्याच्या दुप्पट आणायचं, असं ठरवून त्यानं घरातलं सगळं झाडून आणलं होतं. ते पाटीवरच्या पहिल्या ओळीलाही पुरलं नाही. मग त्यानं टोपली पुढं सरकवली. कंपाउंडरनं ती पायानं नाही, हातानंच, पण बाजूला केली.

मी दार ढकलून परत आत गेले. "डाक्टरसाहेब, माह्या बापाले तुम्ही असेल ते घेऊन बरं केलं होतं. याच्याकडं जे आहे ते घ्या. राह्यलेलं मी आणून देईन."

"बाई, आता तसं जमत नाही."

"काऊन जमत नाई?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "कंपनीचा बाबू येऊन विचारतो. म्हणतो, बाहेरच्या माणसाला तुम्ही रुपयात देता, मग आमच्याकडून जास्त कसे घेता? तुमचा खरा भाव कोणता? म्हणून सगळ्यांना एकच भाव लावावा लागला. तुझ्या भावाला कमी घेतलं, तर कंपनीलाही कमी लावावं लागेल. सगळ्यांचंच कमी करावं लागेल."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं आणि कानशिलं तापली. कंपनी जास्त देऊ शकते म्हणून भाव वाढला, आणि तो भाव खरा दिसावा म्हणून माझ्या भावाकडूनही तोच घ्यायचा. ज्याच्या मागं कंपनी नाही, त्यानं कंपनीइतकं द्यायचं.

मी कनवटीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "मग माह्या नावानं लिहा. सर्दीले मले सुया टोचल्या, भाजल्यावर टोचल्या. मले एकही नको होती. त्यातल्या याले द्या."

"तसं करता येत नाही. बिल्ला तुझ्या नवऱ्याचा आहे. भाऊ त्यात बसत नाही. पकडलं गेलं तर तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल आणि माझं कंत्राट."

"ज्याले नको त्याले रोज टोचता, आन ज्याचा हात सडून राह्यला त्याले नाई म्हणता?"

"नियम मी केला नाही, बाई. सरकारी दवाखान्यात न्या. लवकर न्या."

भाऊ दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "चाल बाई," तो म्हणाला. "मागून झालं." त्यानं टोपली उचलली. बिल्लेवाल्यांच्या बाकावर लाईनीतल्या ओळखीच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून आम्ही बाहेर पडलो.

सरकारी दवाखान्यात व्हरांड्यातही माणसं झोपलेली होती. तिथल्या तरुण डॉक्टरनं त्याच दिवशी चिरा देऊन पू काढला, पैसे मागितले नाहीत. पण पेनिसिलिन संपलेलं होतं. माल नागपूरहून यायचा होता. "बाहेर मिळालं तर आणा," तो म्हणाला. बाहेर म्हणजे कुठं, तर त्याच परकोटातल्या दुकानात, आणि दुकानदार म्हणाला, की होतं तेवढं सगळं त्या डॉक्टरांकडे गेलं, ते एकदम घेतात. नवरा पाळीवरून तसाच काळ्या तोंडानं बल्लारपूरला गेला. तिथूनही रिकाम्या हातानं आला. नागपूरचा माल आला तोपर्यंत अंगठा काळा पडला होता. हात वाचवायचा तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरनं सांगितलं. भाऊ म्हणाला, "काढा."

काढल्यावर शुद्धीत आला तेव्हा त्यानं पट्टीकडे पाहिलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "बाई, आता जाळं कसं फेकू?"

जाळं फेकणाऱ्यालाच ते कळेल. जाळ्याची दोरी मनगटाला असते, पण जाळं पाण्यावर गोल उघडायला अंगठ्याची पकड लागते. ती नसली, की जाळं गोळा होऊन दगडासारखं पडतं. 

भाऊ आमच्या खोलीत पडून होता, तेव्हा लाईनीतल्या बायका एकेक करून भेटायला आल्या. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्याही आल्या आणि खाली मान घालून बसल्या. मी त्यांना डॉक्टर काय बोलले ते शब्द न शब्द सांगितलं. त्या सिरोंच्याच्या शेजारणीला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं आपल्या दंडाकडे पाहिलं. "मतलब, मेरे हाथ में जो सुई गया," ती म्हणाली, "वो इसका सुई था?"

असं सरळ सांगता येत नव्हतं, पण तिला जे म्हणायचं होतं ते सगळ्यांना समजलं. कोणी तरी म्हणालं, "आपण घ्यायच्याच नाईत." दुसरी म्हणाली, "डाक्टर रागावला तर?" शेजारीण म्हणाली, "रागावू दे. बुखार तो मेरेको है."

माझा नवरा घाबरला. "कंपनीनं दिलेलं औषध नाई म्हणून राह्यल्या तर मॅनेजर का म्हणेल? तू कायले आगीत तेल ओततेस?"

"औषध नाई म्हणत नाई," मी म्हणाले. "कशाले ते विचारून राह्यलो."

पुढच्या वेळी धाकट्या मुलाचा कान फुटला म्हणून मी गेले. शेजारीण तिच्या गुडघ्यासाठी आली, आणखी चारचौघी होत्या. डॉक्टरांनी कानात थेंब घातले आणि सवयीनं सुईकडे हात नेला.

"ही कशाले, डाक्टरसाहेब?"

"ताकदीची आहे."

"ताकद आहे त्याच्यात. मघापासून तुमचं टेबल हलवून राह्यला." मी मुलाची बाही खाली ओढली. "कानाचं दिलं ते पुरे."

माझ्यानंतर शेजारीण आत गेली आणि गोळ्या घेऊन तशीच बाहेर आली. तिच्यानंतरची, तिच्यानंतरची. शेवटी डॉक्टर दारात आले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "तुमच्या खिशातून एक दमडी जात नाही. मग तुम्हाला कशाचा त्रास होतोय?"

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.  मी म्हणाले, "माह्या भावाचा अंगठा गेला. तो कोणाच्या खिशातून गेला?"

डॉक्टर मागं वळले. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

दमडी जात नाही म्हणाले होते ना? त्याचंही उत्तर मिळालं, आणि ते कंपनीनंच दिलं. नवीन वर्षाच्या पगाराला कपात वाढली. बाबूनं कारण सांगितलं, की दवाखान्याचं बिल फार फुगलं आहे. तेव्हा कुठं पुरुषांचे डोळे उघडले. नळावर दंड दाखवून मोजलेल्या सगळ्या सुया आमच्याच पगारातून गेल्या होत्या. आधी थोड्या कपातीच्या नावानं, आता जास्त कपातीच्या नावानं. आम्हाला नको असलेल्या औषधाची किंमत आम्हीच देत होतो, आणि ती देऊन देऊन भाव असा चढवला होता, की आमचीच माहेरची माणसं दारातून परत जात होती. माझ्या नवऱ्यानं त्या संध्याकाळी जेवताना अर्धी भाकर तशीच ठेवली. मग म्हणाला, "मी मॅनेजरकडे जातो. तू म्हणत होती ते सांगतो."

तो एकटा गेला नाही. त्याच्या पाळीचे सगळे गेले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, डॉक्टर पगारावर ठेवा, म्हणजे सुई टोचून त्याला काही जास्त मिळणार नाही. दुसरी, ठेकेदाराच्या माणसांना आणि घरी आलेल्या पाहुण्याला निदान जीवावरच्या दुखण्यात तिथं औषध मिळू द्या. पहिली गोष्ट मॅनेजरला लगेच पटली, कारण तीत कंपनीचा पैसा वाचत होता. दुसऱ्या गोष्टीला तो म्हणाला, "बाहेरच्यांशी कंपनीचा काय संबंध?"

लाईनीच्या टोकाला कंपनीचा स्वतःचा दवाखाना निघाला. त्यात पगारी डॉक्टर आला. आणि काय चमत्कार! तोच खोकला आता गुळण्या करून बरा व्हायला लागला. त्याच लेकरांची पोटं बिनसुईची थांबायला लागली. माणसं तीच, खाण तीच, धूळही तीच. बदललं होतं ते एवढंच, की टोचण्यामागं पैसा उरला नव्हता. मला याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या दवाखान्याच्या दारातही एक चौकीदार बसवला होता, आणि ठेकेदाराचा एक बिलासपुरी मजूर पाय ठेचून आला तेव्हा त्याला बिल्ला नाही म्हणून परत पाठवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. नवऱ्यानं आणि आणखी दोघांनी मिळून त्याला खाटेवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

शहरातल्या डॉक्टरांचं कंत्राट गेलं. मला वाटलं, आता तरी पाटी उतरेल. उतरली नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेत ते मला गर्दीत भेटले. त्यांनीच ओळखलं आणि थांबले. केस पिकले होते.

"भावाचा हात कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"अंगठा सोडून बरा आहे."

ते म्हणाले, "माझ्यावर तुझा राग असेल. पण एकदा सगळं वाढवून ठेवलं, पलंग, माणसं, जागा, की खाली येता येत नाही. कंपनी गेली तरी खर्च तसाच आहे. तो कोणाकडून तरी घ्यावाच लागतो."

"कोणाकडून तरी म्हणजे ज्याच्यामागं कोणी नाई त्याच्याकडूनच ना?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही. गर्दी पुढं सरकली, आणि मीही सरकले. देवळापर्यंत माझं मन थाऱ्यावर नव्हतं. देवीसमोर हात जोडले तेव्हाही मी काही मागितलं नाही, नुसती रागानं उभी राहिले.

भाऊ पुन्हा तळ्यात उतरला. जाळं फेकणं त्याला जमलं नाही. वहिनी डोंग्याच्या टोकाला उभी राहून जाळं लावायला शिकली. आमच्या गावात बाईनं डोंग्यात उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे चार महिने लोकांनी तोंडं वाकडी केली. भाऊ मागं बसून डाव्या हातानं वल्हं मारायचा आणि तिला सांगायचा, इथी नाई, पुढं, गवताच्या कडेला. मी माहेरी गेले, की तो मला हसून म्हणतो, "बाई, तू अजून कायले जळून राह्यली? मी तर विसरलो." तो विसरला असेल. मी विसरणार नाही.